माझी नसलेली सायकल

अर्जावर एक रकाना होता: स्वतःची सायकल आहे काय? मी ‘आहे’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. तेव्हा माझ्याकडे हवा भरायचा पंपसुद्धा नव्हता. एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत मी मास्तर होतो, तोही तात्पुरता, आणि माझी खोली शाळेच्या कुंपणाला लागून होती. सायकल घेऊन करणार काय होतो, वर्गातून खोलीत जाणार होतो? पण ‘नाही’ लिहिलं असतं तर अर्ज तिथंच फाटला असता, म्हणून ‘आहे’.

ही नव्वदनंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. चंद्रपूरच्या एका मंडळानं कन्याकुमारी ते जम्मू अशी सायकल यात्रा काढायचं ठरवलं होतं. सिकलसेलसाठी. आमच्या भागात घरटी कोणी ना कोणी त्या आजाराचं असतं. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे धरतात, लेकरू रात्रभर विव्हळतं आणि डोळे पिवळे पडतात. वाटेत गावोगाव सभा घ्यायच्या, आजार समजावून सांगायचा, लोक देतील ते दान घ्यायचं आणि त्यातून अशा पेशंटांसाठी रक्ताची नि औषधाची सोय उभी करायची, असा बेत होता. सात जण जाणार होते. सहा शहरातले. सातवा ‘जंगल भागातला एखादा’ पाहिजे होता. हे वाचून माझं डोकं फिरलं होतं, एखादा म्हणजे काय बे, आम्ही काय जत्रेतलं अस्वल आहोत? तरी अर्ज मात्र मी पहिल्याच दिवशी पोस्टात टाकला.

कोणी विचारलं तर मी सांगायचो, पुतणीसाठी जातो आहे. खोटं नव्हतं ते. माझ्या भावाची पोरगी तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला हा आजार होता. पण सगळंच सांगायचं ठरलं आहे तर हेही सांगतो, की मला पेपरात फोटो पाहिजे होता. गावात, शाळेत, होऊ घातलेल्या सासुरवाडीच्या माणसांत लोकांनी म्हणावं, हाच तो, अख्खा देश सायकलनं पार केलेला मास्तर. पुतणीचं दुखणं आणि माझा फोटो यांत कोणतं पारडं जड होतं, ते मी तेव्हा तोलून पाहिलं नाही.

सायकल होती ती भावाची. मोठा भाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी. आम्ही ढिवर, मासोळी धरणारे. चामोर्शीकडून मुलचेऱ्याला जाणाऱ्या रस्त्यापासून दोन कोस आत आमचं गाव आणि गावाचा तलाव. भाऊ पहाटे जाळं ओढायचा आणि उजाडायच्या आत टोपलं सायकलला बांधून मुलचेऱ्याभोवती वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या गावांत पोचायचा. बंगाली लोकांसारखं मासोळी ओळखणारं गिऱ्हाईक नाही. ते आधी कल्ला उचलतात. आतून लाल असला तरच पुढची गोष्ट. जरा फिका दिसला की मान फिरवून घरात. मरळ तर त्यांना जितीच लागते. म्हणजे भावाचा सगळा धंदा वेळेवर पोचण्याचा होता, आणि वेळेवर पोचवणारी होती ती काळी, डबल दांडीची जड सायकल. पोरीचं दुखणं उठलं की हीच सायकल तिला दवाखान्यात घेऊन जायची. मागं कॅरिअरही साधं नव्हतं. त्यानं लोहाराकडून जाड पट्ट्यांचं करून घेतलं होतं, दोन टोपली नि वर एक माणूस बसला तरी वाकायचं नाही.

मी घरी गेलो आणि जेवताना हळूच विषय काढला. वहिनीनं ताटलीतला हात थांबवला. भाऊ मात्र हसला.

“किती दिवस लागंल?”

“दोन महिने. संक्रांतीपर्यंत परत.”

“आन मासोळ्या का डोक्यावर नेतील हे?” वहिनी म्हणाली. ती माझ्याकडे न पाहता बोलत होती.

“कावड हाय ना घरी,” भाऊ म्हणाला. “बाबानं जनमभर कावडच वाह्यली. दोन महिने मी वाहीन, त्यात का होते? आपल्याच पोट्टीसाठी जाऊन राह्यला तो.”

असं म्हटल्यावर वहिनी काय बोलणार? आणि मी तरी काय बोललो? “दोन महिन्यांचाच प्रश्न आहे,” एवढंच बोललो. दोन महिने म्हणजे ऐन हंगामाचे दोन महिने, तलावाचं पाणी उतरतं आणि जाळ्याला मासोळी लागते ते, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! मी त्याच घरात वाढलो होतो.

सायकल नेताना मी ते कॅरिअर काढून ठेवलं. घाटात एवढं लोखंड कोण ओढणार? भावानं स्वतः पान्यानं नट सैल करून दिले, ते एका चिंधीत बांधले आणि कॅरिअर छपरीत टांगून ठेवलं. पोरगी दारात उभी होती. “काकाजी, आमची सायकल कुठवर जाईन?” तिनं विचारलं. मी म्हटलं, जिथं जमीन संपते तिथून जिथं बर्फ आहे तिथवर. तिला भारीच आनंद झाला.

कन्याकुमारीला आगगाडीतून उतरलो तर सगळ्यांच्या सायकली चकचकीत, दोघांच्या तर गिअरच्या. माझ्या सायकलजवळ एक जण आला, नाक मुरडून म्हणाला, “काय मास्तर, मासोळी एक्सप्रेस वाटतं?” सगळे खी खी हसले. मी पण हसलो आणि म्हणालो, रेल्वेच्या डब्यात कोणाचा तरी माल शेजारी ठेवला होता, त्याचा वास. संध्याकाळी लॉजच्या नळाखाली साबण लावून, लिंबं चोळून मी ती सायकल घासली. ज्या वासात आमच्या सगळ्यांचं पोट भरलं, मी शिकलो, मास्तर झालो, तो वास काढायला मी दोन लिंबं नि एक तास खर्च केला. एवढं करून तो गेला नाहीच म्हणा.

यात्रेबद्दल लोक मला अजून विचारतात, आणि काय सांगावं ते मला कळत नाही. उन्हानं मानेची कातडी सोलली. हैदराबादच्या अलीकडे एका चढावर मी खाली बसून ढसाढसा रडलो, कारण काही नव्हतं, नुसते पाय दुखत होते. प्रत्येक सभेत मी पुतणीची गोष्ट सांगायचो आणि ती सांगायला मला चांगली जमायला लागली होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे कळायला लागलं होतं. बाया डोळे पुसायच्या. रात्री पाठ टेकली की वाटायचं, आज चांगलं झालं. पोरीची आठवण यायची ती अशी, सभेसोबत.

नागपूरला मंडळाच्या ओळखीच्या पत्त्यावर माझ्यासाठी एक पोस्टकार्ड येऊन पडलं होतं. भावानं सांगितलेलं, पोरीनं लिहिलेलं. दुसरीतलं वाकडं अक्षर. ‘काकाजी तुमची तब्येत कशी आहे. सायकलची चेन कोरडी पडू देऊ नका. तेल टाकत जाजा. इकडची काळजी करू नका. आम्ही सगळे मजेत आहोत.’ मी ते कार्ड सगळ्यांना दाखवलं. नागपूर ते आमचं गाव, म्हटलं तर एका दिवसाचा प्रवास. मंडळवाले म्हणालेही, मास्तर, एक दिवस घरी जाऊन या, आम्ही थांबतो. मी म्हटलं, नको, लय तुटते. लय तुटते म्हणे! साहेब झालो होतो ना मी तेव्हा.

मागाहून कळलं ते असं. ते कार्ड पडलं त्याच्या आठ दिवस आधी पोरीचं दुखणं उठलं होतं. गुडघे सुजले, पाऊल टाकवेना. भावानं कावड घेतली, एका बाजूच्या टोपल्यात तिला बसवलं आणि दुसऱ्या बाजूला तोल म्हणून मासोळ्या ठेवल्या, जाताजाता विकता येतील म्हणून. असं तो दवाखान्यापर्यंत चालत गेला. पोरीनं मला हे हसत हसत सांगितलं होतं. “काकाजी, मासोळ्या कमी पडल्या तं बाबानं वरतून दोन गोटे ठेवले. मी मासोळ्याहून जड हावो!”

जम्मूला पोचलो तेव्हा थंडीनं बोटं ब्रेकवर चिकटल्यासारखी झाली होती. शेवटच्या दिवशी सकाळपासून मैलाचे दगड मोजत होतो. शहर आलं, एका चौकात दोन-तीनशे लोक, ढोल, हार. मी सायकलवरून उतरलो. आनंद झाला होता, खरा, अंगभर. आयुष्यात तेवढा कधी झाला नव्हता, पुढं लग्नातही झाला नाही. आज मागं वळून पाहताना त्या एका क्षणावर मला राग धरता येत नाही. तिथंच सगळं संपलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

परतीला आगगाडी. चंद्रपुरात सत्काराचा कार्यक्रम होता, पण मंडळाचं म्हणणं, यात्रेकरू आगगाडीतून उतरले तर कसं दिसेल? म्हणून आम्हाला चंद्रपूरच्या अलीकडच्या स्टेशनावर, भांदकाला उतरवलं, तिथं सायकली पुसल्या, हार घातले आणि उरलेलं अंतर चालवत आम्ही जटपुरा गेटातून शहरात शिरलो. वाटेवर शाळांची पोरं झेंडे घेऊन उभी. मी हात हालवत होतो, जणू जम्मूवरून थेट पायडल मारत आलो.

सभागृह खचाखच भरलं होतं. सातही सायकली व्यासपीठावर ओळीनं उभ्या केल्या होत्या. संक्रांतीचे दिवस, त्यामुळे मंडळाच्या बाया हळदीकुंकवाची ताटं घेऊन बाजूला बसलेल्या. एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. माझ्या आधी जो बोलला तो शहरातल्या डॉक्टरचा मुलगा. तो म्हणाला, मी जिवंत असेपर्यंत दर तीन महिन्यांनी या मुलांसाठी रक्त देईन. टाळ्यांनी छप्पर उडालं. आणि मग माझं नाव पुकारलं.

मी माइकसमोर उभा राहिलो आणि माझ्याकडं काही नव्हतं. पुतणीची गोष्ट होती, पण ती इथं सगळ्यांना पाठ होती. सत्तर सभांत बोललेला माणूस मी, आता नुसता हात जोडून खाली बसलो तर? डॉक्टरच्या पोरापुढं? मी वळून सायकलीकडं पाहिलं आणि म्हणालो, “माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. ही सायकल आहे. हिनं मला देश दाखवला. ही मी आजपासून मंडळाला अर्पण करतो.”

कोणी मागितली नव्हती. हे वाक्य मी मुद्दाम एकटं लिहितो आहे, कारण पुढची दहा वर्षं मी लोकांना उलटंच सांगत आलो. कोणी मागितली नव्हती, उलट मंडळाचे अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले, चांगले वयस्क गृहस्थ, आणि म्हणाले, “अहो मास्तर, नको, नको. तुम्हाला लागेल ती.” आणि मी काय म्हणालो माहीत आहे? “माझ्याकडे दुसरी आहे.” माइकवर. सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. टाळ्या पडल्या, आधीच्यापेक्षा थोड्या जास्तच. बाया उठल्या, त्यांनी सायकलच्या हँडलला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, फुलं वाहिली.

आमच्याकडे हळदकुंकू लागलेलं परत घेत नाहीत. तलावावर हंगामातली पहिली मासोळी पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, देवीसमोर ठेवतात, तिला कुंकू लावलं की ती संपली आपल्यासाठी. घरात पोरं उपाशी असली तरी तिला कोणी हात लावत नाही. व्यासपीठावर पहिल्या बाईचं बोट हँडलला टेकलं तेव्हा हे मला आठवलं. तरी मी हसत होतो, कारण समोर फोटोवाला होता.

कार्यक्रम संपल्यावर मी फाटकाबाहेर आलो तर समोर भाऊ उभा. धुतलेलं धोतर, एका हातात पोरीचा हात आणि खांद्यावर, चादरीत गुंडाळलेलं ते लोखंडी कॅरिअर.

“गाडी उशिरा आली,” तो म्हणाला. “आताच पोचून राह्यलो.” माझ्या पाठीवर हात फिरवला. “सुकला गा मास्तर तू.”

मी कॅरिअरकडं पाहत होतो. त्यानं सांगितलं, रात्री विचार केला, फाट्यावर उतरल्यावर पोट्टी दोन कोस चालणार नाही, तर इथंच कॅरिअर बसवून घेऊ, सायकल एस.टी.च्या टपावर टाकू आणि फाट्यापासून तिला बसवून नेऊ. नट आणि पाना त्याच्या बंडीच्या खिशात होते.

“सायकल कुठी हाय?” त्यानं विचारलं.

मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. आत जाऊन अध्यक्षांचे पाय धरता आले असते, म्हणता आलं असतं, चूक झाली, सायकल माझ्या भावाची आहे, त्याचं पोट आहे तिच्यावर. भला माणूस होता तो, देऊन टाकली असती. मी म्हणालो, “भाऊ, त्यांनी मागून घेतली. यात्रेची आठवण म्हणून ठेवायची म्हणे. एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणू?”

त्यानं खाली पोरीकडं पाहिलं.

“हळदकुंकू लावलं का?”

“हो.”

“मंग गेली,” तो म्हणाला. खांद्यावरचं कॅरिअर त्यानं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “चांगल्या कामाले गेली. चाल, चहा पिऊ.”

फाट्यावर उतरलो तेव्हा सूर्य मावळतीला आला होता. भावानं पोरीला खांद्यावर घेतलं. त्याच्या मागं मी, गळ्यात कार्यक्रमातली शाल आणि हातात सायकल नसलेलं कॅरिअर. दोन कोस. वाटेत भेटलेली माणसं विचारायची, “का जी मास्तर, सायकल?” आणि भाऊच पुढून उत्तर द्यायचा, “चंद्रपूरवाल्यायनं ठेवून घेतली. मान केला भावाचा.” माझं खोटं तो माझ्याआधी बोलत होता.

घरी वहिनीनं पाट मांडला, पाणी दिलं आणि ताटात भात नि वरण वाढलं. ढिवराच्या घरी, ऐन हंगामात, दोन महिन्यांनी आलेल्या दिराला वरण! चुलीवर मासोळीचा रस्सा होता, वास येत होता. तिनं तो भावाला वाढला, पोरीला वाढला. “भाऊजी आता शहरातले झाले,” ती म्हणाली, “त्यायले वास सहन नाई होत.” भाऊ ओरडला तिच्यावर. मी म्हटलं, असू दे. मुकाट्यानं वरणभात खाल्ला, आणि खरं सांगतो, तिच्यावर मला एका अक्षरानंही राग आला नाही.

पुढं दोन हंगाम भावानं कावड वाहिली. बंगाली गावांत तो पोचायचा तोवर ऊन वर आलेलं असायचं, कल्ले फिके. बाया कल्ला उचलायच्या आणि म्हणायच्या, उद्या लवकर या दादा. हळूहळू त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्या सायकलवाल्यांनी घेतली. उरलेली मासोळी तो सुकवायला लागला. उजव्या खांद्यावर त्याच्या लिंबाएवढी गाठ आली. मी सुट्टीत गेलो की तो अंगात बंडी घालूनच बसायचा, उन्हाळ्यातसुद्धा.

तुम्ही म्हणाल, मास्तर, तू एक सायकल घेऊन द्यायची होतीस. हो, द्यायची होती! दर महिन्याला ठरवायचो. मग माझं लग्न निघालं. मग बदली. मग मी स्वतःसाठी मोपेड घेतली, कारण शाळा आता लांब झाली होती आणि मास्तरनं पायी जावं हे बरं दिसत नव्हतं. ती मोपेड मी पहिल्यांदा गावात नेली तेव्हा भावानं तिच्या सीटवरून हात फिरवला, म्हणाला, मस्त हाय. लाज म्हणून काही चीज असते, ती मी कुठं ठेवली होती कोण जाणे. तिसऱ्या वर्षी त्यानं स्वतःच कुठून तरी एक जुनी सायकल आणली. मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं सगळ्यात वाईट होतं.

यात्रेनं चांगलं केलं नाही असं नाही. मंडळानं जे म्हटलं होतं ते केलं. औषधं सुरू झाली, रक्ताची सोय झाली, आणि पोरगी त्यावरच मोठी झाली. दुखणं उठायचं, पण आधीसारखं नाही. भाऊ नेहमी म्हणायचा, “पाह्य, तुह्या सायकल चालवण्यानं पोट्टी उभी हाय.” मी मान हालवायचो. पण ती सायकल मंडळाला देऊन त्यात कणभर भर पडली नव्हती. दान सभांमधून झालं होतं. सायकल मी दिली ती फक्त माझ्या टाळ्यांसाठी.

आणखी काही वर्षं गेली. पोरगी सतराची झाली होती, तपासणीसाठी तिला चंद्रपूरला न्यायचं होतं, मीही सोबत गेलो. काम दुपारीच आटोपलं. बसला वेळ होता. भाऊ म्हणाला, “चाल ना, सायकल पाहून येऊ.”

दहा वर्षांत तो कधी तसं बोलला नव्हता.

मंडळाच्या इमारतीत, व्हरांड्याच्या कोपऱ्यात ती उभी होती. कोणी तरी तिला नवा काळा रंग मारला होता. बाजूला पाटी, तीवर माझं नाव, गाव, अंतर. खाली ‘स्वतःची सायकल संस्थेस अर्पण’. भाऊ वाचायला हळू; त्यानं पाटीवरचं अक्षर अन् अक्षर ओठ हालवत वाचलं. मग त्यानं घंटीकडं हात नेला तर चौकीदार खेकसला, “अबे ओ, हात नको लावू! वाचता येते ना?”

“नाई लावत बापा,” भाऊ म्हणाला आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले.

एक वाक्य होतं, सायकल याचीच आहे. ते मी उच्चारलं नाही. चौकीदाराची पाटी खरी आणि भाऊ खोटा, असं उभं राहून मी पाहत होतो. पुतणीनं माझा हात धरला आणि मला थोडं बाजूला, पायऱ्यांजवळ नेलं.

“काकाजी,” ती हळूच म्हणाली, “त्या दिवशी आमी उशिरा नाई आलो होतो. सकाळपासून आतच होतो, पार मांगं. बाबानं मले खांद्यावर घेतलं होतं. तुमी बोलले ते सगळं आमी आयकलं. ते म्हातारे साहेब नोको म्हणून राह्यले होते तेबी. मी बाबाले म्हटलं, आपली सायकल देऊन राह्यले काका. तं बाबा म्हणे, टाळ्या वाजव बाई. मंग आमी दोघायनंबी वाजवल्या.”

मी विचारलं, “मग बाहेर काऊन गेले तुम्ही?”

“तुमाले दिसलो असतो ना,” ती म्हणाली.

बसमध्ये भाऊ खिडकीशी बसला, मी त्याच्या बाजूला, पोरगी पुढच्या बाकावर. मूलचा थांबा मागं पडला, जंगल लागलं, तरी मी बोललो नाही. दहा वर्षांचं खोटं बोलायला मला एक मिनिट लागलं होतं आणि खरं बोलायला चंद्रपूर ते चामोर्शी एवढा रस्ता पुरत नव्हता. शेवटी कंडक्टरनं आमच्या फाट्याचं नाव पुकारलं तेव्हा मी त्याचा हात धरला.

“भाऊ, ती सायकल कोणी मागितली नव्हती. मीच दिली.”

तो पिशवी उचलत होता, तो थांबला. माझ्याकडं न पाहता त्यानं मान हालवली.

“हाव,” तो म्हणाला. “लय दिवस लावले गा तुनं सांगाले.”